रीतसर हरलेला माणूस

नांदेडच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी पोरं अजून घरी येतात. "सर, राज्यशास्त्राला काय काय वाचावं?" मी चार पुस्तकं सांगतो, लायब्ररीतलं कपाट सांगतो, जुन्या प्रश्नपत्रिका कुठं मिळतील ते सांगतो. पोरं लिहून घेतात आणि जातात. परवा एकानं मात्र चप्पल घालता घालता विचारलं, "तुमच्या वेळी काय होतं हो सर?"

मी म्हणालो, "हणमंतराव मास्तर होते."

त्यानं तेही लिहून घेतलं, आणि मान वर करून विचारलं, "प्रकाशन कोणतं?"

प्रकाशन लातूरचं. प्रत एकच निघाली.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि ते शेवटाला आलंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी चाकूरकडच्या एका खेड्यातून लातुरात शिकायला आलो होतो. बाप सुतार. आमच्या घराण्यात माझ्याआधी अंगठा होता, सही नव्हती. घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि हे मी न विचारता सांगतो. शाळेत सगळं उर्दूत चाले. त्यात 'शहरियत' नावाचा एक विषय होता, म्हणजे नागरिकशास्त्र. सरकार कसं बनतं, मत कसं देतात, हरलेला काय करतो, जिंकलेला काय करतो, हे सगळं त्यात. पुस्तक विलायतेच्या पार्लमेंटवरचं, इंग्रजीतून भारदस्त उर्दूत आणलेलं. म्हणजे जी गोष्ट आमच्याकडं नव्हती, ती जी भाषा आमच्या घरात नव्हती तिच्यात शिकायची आणि मॅट्रिकच्या पेपरात लिहायची. मत देताना माणूस कसा दिसतो, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनीही नाही. पण मास्तर तो विषय जन्मभर शिकवत आले होते.

सरकारी शाळेतून पेन्शनीत निघाल्यावर ते संध्याकाळी गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, मन्मथअप्पांच्या आडतीच्या वरच्या खोलीत, आम्हाला शिकवत. उंच, वाळके. खाली धोतर, वर शेरवानी. शेरवानीची गळ्याजवळची गुंडी कायम लावलेली, मधल्या गायब. शिकवायचे उर्दूत, बोलायचे मराठीत, आणि राग आला की कानडीत. सासरवाडी निलंग्याकडची, कानडी बोलणारी होती. रागावण्याचे धडे त्यांना घरातच मिळाले होते, त्यामुळं ती भाषा त्यांना दुसऱ्या कामासाठी कधी वापरता आली नाही.

मास्तरांचे तीन प्रश्न होते. कुठल्याही गोष्टीला तेच. "हे ठरवलं कोणी? कोणाला विचारून ठरवलं? आन् न्हाई म्हणायची सोय हाय का?" सगळं राज्यशास्त्र एवढ्यात बसतंय, म्हणायचे, बाकीचं परीक्षेपुरतं. एकदा वर्गातलं एक पोरगं लग्न ठरलं म्हणून साखर वाटायला आलं. मास्तरांनी साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "ठरवलं कोणी?"

"बापानं."

"कोणाला विचारून?"

"आज्याला."

"आन् तुला न्हाई म्हणायची सोय हाय का?"

पोरगं रडायलाच लागलं. मास्तर घाबरले. त्याच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, "रडू नको लेका, पोरगी चांगलीच असंल. मी आपलं निस्तं उदाहरण मनून विचारलं."

दुसरी सवय वाक्य अर्ध्यात सोडण्याची. "सरकार म्हंजे काय बगा. ज्याला लोकायला न्हाई म्हणता येतंय, आन् न्हाई म्हणून बी घरी जाऊन जेवता येतंय, ते सरकार. आन् जिथं न्हाई म्हणता येत न्हाई, ते म्हंजे..." इथं ते थांबत आणि खिडकीतून खाली पाहत. गंजात हमाल पोती उचलत असत, बैलं रवंथ करत असत, आणि कधी कधी एखादा माणूस काही न विकता, काही न घेता नुसताच कान देऊन उभा असे. "ते पुढच्या धड्यात," म्हणत मास्तर पान उलटत. आम्ही पुढचा धडा काढून पाहिला. तो टपाल आणि तार यांच्यावर होता.

सगळ्या वर्गात पुस्तक एक. मास्तरांना त्याचं फार वाटत नसे. "कचेरी हाय की! एवढं मोठं पुस्तक सरकारनं उघडं ठेवलंय, वाचा ना." आणि खरोखरच एक दिवस आम्हाला घेऊन ते तहसील कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसले. अभ्यास असा की एक अर्ज निवडायचा आणि नजरेनं त्याच्या मागं जायचं. कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, कुठं बसतो, कुठं झोपतो. आम्ही एका म्हाताऱ्याचा विहिरीचा अर्ज धरला. तो आल्या आल्या झोपला.

चपराशी आला. "किस का मुकदमा है?"

"किसी का नहीं," मास्तर म्हणाले.

"फिर क्या होना?"

"कुछ नहीं होना. देखने कू बैठे."

चपराशी आत गेला. कचेरीत आलेल्या माणसाला काहीच नको आहे, असं त्या इमारतीत तोवर घडलं नव्हतं. थोड्या वेळानं दारातून पेशकार, म्हणजे साहेबाचा कारकून, डोकावला, मग त्याच्या खांद्यावरून आणखी एक डोकं. हैदराबादेहून गुपचूप तपासणी आली, असं आत ठरलं असावं, कारण आम्हाला सरबत आलं. आणि तो झोपलेला अर्ज उठला. ह्या मेजावरून त्या मेजावर पळायला लागला. उन्हं चढायच्या आत शिक्का लागून बाहेर आला. म्हातारा रडत मास्तरांच्या पाया पडला. मास्तर मात्र संतापलेले. पायऱ्या उतरताना कानडीत काहीतरी पुटपुटले आणि आमच्याकडं वळले. "हे कसलं पुस्तक रे! आपण वाचाय बसलो की मजकूरच बदलतंय."

आता मन्मथअप्पांचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांच्यापाशी आहे. अप्पा गंजातले मोठे आडते. लिंगायत, कपाळाला भस्म, समोरच्याला 'शरणार्थ' म्हटल्याशिवाय बोलण्याला सुरुवात नाही, आणि एकदा बोलले की गंजात पुढं कोणी बोलत नसे. आमची खोली अप्पांची, कंदील अप्पांचा, पुस्तकांचं कपाट अप्पांचं. आणि मुख्य म्हणजे परवानगी अप्पांच्या नावावर. त्या काळी चार माणसांनी एका जागी बसून वाचायचं म्हटलं तरी सरकारला विचारावं लागे. अप्पांनी 'धार्मिक वाचनालय' म्हणून परवानगी काढली होती. त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी कुलूप घातलं, तर आमची शहरियत रस्त्यावर आणि मॅट्रिकही तिच्या मागोमाग.

वाचनालयाचा जुना चिटणीस धंद्यासाठी सोलापूरला निघून गेला. सगळे म्हणाले, अप्पाच होऊ द्या चिटणीस. मास्तर उठून उभे राहिले.

"होऊ द्या न्हाई. निवडून येऊ द्या."

"मंजे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, तुम्हीच येणार. त्यात काय सौंशय न्हाई. पण मतानं या. जल्मभर शिकवून राहिलो, एकदा डोळ्यानं बगू द्या."

अप्पांना गंमत वाटली. "येतो की. मतानं काय, वाजत गाजत येतो. पण माझ्यासमोर उभं कोण राहून राहिलंय?"

सगळे जमिनीकडं पाहायला लागले. अप्पांच्या विरुद्ध उभं राहणं म्हणजे जन्माचं वैर. मास्तरांनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, "मी राहतो. हारायला कोणीतरी लागतंयच. त्याबिगर ती निवडणूक न्हाई, सत्कार हाय."

त्यानंतर मास्तरांनी हरण्याची जोरात तयारी केली. "जिंकायला अक्कल लागत न्हाई. हारल्यावर काय करायचं, हे शिकायचं असतंय," ते म्हणायचे. हरलेल्यानं उठायचं, जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा, समोरच्या बाजूला जाऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला प्रश्न विचारायचे. हे सगळं त्यांनी पाठ केलं. स्वतःच्या विरुद्ध प्रचारही केला. भेटेल त्याला सांगत, "मला मत देऊ नका बरं. कुलूप लावायचं माझ्या ध्यानात राहत न्हाई. घरची मंडळी बी मला बाजारात धाडत न्हाई." यातला शब्द न् शब्द खरा होता. लोक म्हणाले, काय माणूस आहे, स्वतःबद्दल एवढं खरं कोण सांगतंय? घोटाळ्याला तिथंच सुरुवात झाली.

मत कशानं द्यायचं? आडतीत धान्याला काय तोटा. अप्पांची ज्वारी, मास्तरांची तूर. प्रत्येकाच्या हातावर दोन्हींचा एकेक दाणा ठेवायचा. त्यानं गोणपाटाच्या पडद्याआड जाऊन हवा तो मडक्यात टाकायचा आणि उरलेला खिडकीतून चिमण्यांना. आम्ही विद्यार्थी आणि वाचनालयाचे सभासद जमलो. मास्तर पहिला दाणा वाटणार, एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार.

"क्या मास्टर, सुना है लातूर में सरकार बदल रही?"

"नहीं हुजूर, सिर्फ चिटणीस," मास्तर म्हणाले. गळ्याजवळची गुंडी लागलीय ना ते चाचपलं. त्यांनी पुस्तक उघडून पुढं केलं. "हुजूर, सरकारी अभ्यास में है. ये देखिए."

अमीनसाहेबांनी निवडणुकीचा धडा उभ्यानं वाचला. बराच वेळ वाचला. मग अप्पांच्या तक्क्याला टेकून बसले. "चालू करो. हम भी कभी देखे नहीं."

मतं झाली. मास्तरांनी मडकं उचललं तर ते जड. ओतलं तर ज्वारीचा ढीग, वर तुरीचा शेंडा. अप्पांचा मुनीम छाती पुढं काढून म्हणाला, "अवो मास्तर, मालकाच्या नावानं एक दाणा टाकू? दारात जंगम आला तर पसाभर वाढतो आपण!" त्यावर कोपऱ्यातला शिंपी म्हणाला, "मी बी तेच मनलं. मास्तरासारख्या माणसाला एक दाणा? बरं दिसतंय का?" तो जाताना नमुन्याच्या पोत्यातून मूठ भरून गेला होता. आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांना दोघांचंही पटत होतं.

मास्तर कानडीत गेले. बऱ्याच वेळानं परत आले. "अरे, मत म्हंजे भिक्षा न्हाई! ते मापानं मोजत न्हाईत! अप्पाचा एक दाणा, तर खालच्या हमालाचा बी एकच दाणा. एवढ्यासाठीच तर हे सगळं करून राहिलो!"

अमीनसाहेब उठले. "सुनो. एक आदमी, एक दाना. जो मुठ्ठी डालेगा, उसकू हवालात." लोकशाहीचा हा पहिला नियम आम्हाला पोलिसांनी शिकवला. मग ते खाकरले, मास्तरांजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "और हमारा दाना?"

"हुजूर सभासद नहीं हैं."

"होने कू क्या लगता?"

अमीनसाहेब तिथल्या तिथं धार्मिक वाचनालयाचे सभासद झाले आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन पडद्याआड शिरले.

मडकं रिकामं करून मतं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि माझी पाळी आली. मडक्यासमोर मी एकटा उभा होतो, हातात दोन दाणे. मास्तरांनी बजावलं होतं ज्वारी टाका म्हणून. पण ज्यानं शिकवलं त्याच्याच विरुद्ध दाणा टाकायला हात होईना. म्हटलं, बाकीचे ज्वारी टाकणारच आहेत. आपल्या एका तुरीनं मास्तरांची लाज तेवढी राहील. मी तूर टाकली. पडद्यामागून बाहेर येताना प्रत्येकाच्या तोंडावर हेच लिहिलेलं होतं, पण ते मला मोजणी झाल्यावर वाचता आलं.

तूर जास्त भरली.

मास्तर पांढरे पडले. "परत मोजा," म्हणाले. परत मोजली. "मी मोजतो." स्वतः मोजली. मडक्यात हात घालून तळ चाचपला, कुठं ज्वारी चिकटून राहिली असेल म्हणून. जिंकलेला माणूस पुन्हा पुन्हा मोजणी मागतोय, असं विलायतेच्या पुस्तकातही नव्हतं. अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं झालं होतं. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच कंदिलाखाली, त्यांच्याच मुनीमासमोर ते हरले होते.

मास्तर चाचरत म्हणाले, "तर मी... मी राजीनामा..."

"तो फिर इतना तमाशा काहे कू किया?" अमीनसाहेब खेकसले. त्यांनी आयुष्यात एकच मत दिलं होतं आणि ते वाया जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

मास्तर अप्पांकडं वळले. "अप्पा, हारल्यावर काय करायचं ते मी पाठ करून आलो व्हतो. आता तुमालाच सांगावं लागून राहिलंय." आणि सगळं सांगितलं. उठायचं, हात घ्यायचा, समोर बसायचं, प्रश्न विचारायचे.

"आन् न्हाई केलं तर?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई केलं तर काय? खोली तुमची, कुलूप तुमचं."

अप्पा उठले. सगळे खाली उतरेपर्यंत थांबले. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली आणि 'शरणार्थ' न म्हणता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कुलूप तसंच. तिसऱ्या दिवशीही. मॅट्रिकच्या वर्गात जायची परीक्षा तोंडावर आलेली आणि पुस्तक आत कपाटात. मास्तर जिन्याच्या पायऱ्यांवर वर्ग घ्यायला लागले. खाली हमाल ओरडत, वर मास्तर पाठ असलेलं पार्लमेंट सांगत. आम्ही कुजबुजलो, मग उघड म्हणालो, "मास्तर, द्या ना राजीनामा. आमचं वर्ष जाईल."

मास्तरांना ते लागलं. त्यांना आमची परीक्षा दिसत होती, माझा बाप कर्ज नको म्हणून एक वेळ जेवून मला शिकवतो हेही ठाऊक होतं. धोतराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "बगा पोरायहो, मतानं आलेला माणूस मतानं जावा. कुलुपानं न्हाई. कुलुपानं जायचं असंल तर मी तुमाला हे शिकवायचं कामून? तसलं तर आपल्याकडं मायंदळ हाय." आणि खाली नुसता उभा असलेला माणूस दिसत असूनही या वेळी त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं नाही.

आठवडा गेला. मग एका संध्याकाळी अप्पा आले. आमच्यामधून वाट काढत वर गेले, कुलूप काढलं, तक्क्यावर न बसता समोरच्या भिंतीला जाऊन बसले. मास्तर दारात उभे.

"या चिटणीससाहेब," अप्पा म्हणाले. "प्रश्न विचारायचे मनला व्हता ना? सुचंनात. आठ दिवस बसून काढले. आता ऐका. खिडकीचं दार मोडलंय, कोणाचं काम? कंदिलाची काच काळी हाय, का? आन् उंदरानं पुस्तकाचा कोपरा खाल्लाय, त्याला जबाबदार कोण?"

"मी!" मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला की अप्पाच गोंधळले. "पोरायहो, लिव्हून घ्या! जबाबदार राज्यपद्धती म्हंजे हेच!"

पुढचं वर्ष अप्पांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. आणि खरं सांगायचं तर मास्तर चिटणीस म्हणून अगदीच वाईट निघाले. कुलूप लावायचं विसरत. पुस्तक मागेल त्याला देत, मागितलं नाही त्यालाही देत. खिडकी उघडायची की लावायची यावर मतं घेत, तोवर पाऊस आत येऊन जाई. अप्पा रोज भिंतीला टेकून विचारत आणि मास्तर रोज उभं राहून उत्तर देत, बहुतेक वेळा "चुकलं" एवढंच. विरोधी पक्ष म्हणजे काय, हे मी कॉलेजात पोरांना तास तास सांगितलं. मला स्वतःला ते अप्पांच्या भिंतीकडं पाहून कळलं. त्या वर्षाअखेर आम्ही मॅट्रिक झालो, त्यात शहरियतमध्ये एकही पोरगं नापास नाही.

मी पुढं हैदराबादेला शिकायला गेलो. नंतर निजामाच्या अखेरचे ते वाईट दिवस आले, लोक गाव सोडून गेले, मास्तर निलंग्याकडं सासरवाडीला गेले आणि तिकडंच वारले. रियासत गेली, आणि देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा ते नव्हते. मला ते शेवटचे दिसले ते या सगळ्याच्या आधी, मी हैदराबादेला निघायच्या दिवशी. त्या दिवशी वाचनालयाची दुसरी निवडणूक होती. गाडी संध्याकाळची होती, म्हणून मत टाकून जायचं ठरवलं. उमेदवार तेच, मडकं तेच. पडद्याआड मी एकटा उभा राहिलो. मास्तरांच्या पायांची धूळ मी आजही डोक्याला लावीन, पण खिडकीचं दार वर्षभर मोडकंच होतं. मी ज्वारी टाकली.

ज्वारी जास्त भरली. या वेळी मास्तरांनी परत मोजायला सांगितलं नाही. ते उठले, अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि भिंतीकडं जाऊन अप्पांच्या जागी बसले. क्षणभर बसले असतील नसतील, त्यांना राहवेना. उठले आणि धाड धाड जिना उतरून गेले.

मी खिडकीशी गेलो. खाली गंजात, गाड्यांच्या गर्दीत, मास्तरांनी एका गाडीवानाला अडवलं होतं. शेरवानीची गळ्याजवळची गुंडीही आता उघडी होती.

"हारलो!" मास्तर ओरडून सांगत होते.

"अरारारा," गाडीवान म्हणाला. "कोरटात का वो?"

"न्हाई हो, मतानं! रीतसर! कोणी ढकललं न्हाई, कोणी कुलूप लावलं न्हाई. निस्तं न्हाई मनले लोक, आन् मी उठलो!"

गाडीवानाला त्यातलं काही कळलं नाही. पण माणूस एवढा खूश दिसतोय म्हणून त्यानं तंबाखूची चंची पुढं केली. मास्तरांनी चिमूटभर घेतली, आणि पुढच्या माणसाला थांबवायला गर्दीत शिरले.